एक माणूस कमी

"मंगळवार घ्या, नाहीतर बुधवार," कुमुद सिस्टर म्हणाल्या. "गेट उघडायच्या आधी दारात हजर राहायचं. आत शिरलं की सरळ मोठा पाळणा गाठायचा, बाकीचं सगळं नंतर. अकरा वाजले की बसा भरून माणसं येतात, मग रांगेतच दिवस जातो."

माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच पाटावर बसून, माझ्याच हातचा चहा पीत त्या हे सांगत होत्या. माझा मुलगा हणमंत मान हलवत होता. सून रेवती मोबाईलमध्ये लिहून घेत होती. आणि माझी नात गिरू, नऊ वर्षांची, सिस्टरांच्या मांडीला अशी चिकटून बसली होती, जशी काही ती तिथंच उगवली.

"तुम्हाला हो कसं ठाऊक एवढं?" मी विचारलं. "तुम्ही कधी गेला होता मौजवाडीला, त्या पाळण्यांच्या बागेत?"

"मी कुठली जाते, आक्का! तिथं तिकिटाच्या खिडकीत बसतो ना, त्याची आई माझ्याकडं बाळंत झाली होती. त्यालाच फोन लावला."

"अर्धा तालुका तुमच्याकडंच बाळंत झालाय," मी म्हटलं.

त्या हसल्या. मी हसायला म्हणून बोलले नव्हते.

कुमुद सिस्टर म्हणजे रेवतीची आई, माझी विहीण. फलटणच्या सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या. आमच्यापासून चार गल्ल्या सोडून राहायच्या. बाई काटकुळी, आवाज बारीक, कधी कुणाला वेडंवाकडं बोलली नाही. अशा माणसाशी भांडणही नीट करता येत नाही. गिरू जन्मली तेव्हा तिला पहिल्यांदा हातात घेतलं ते यांनी. मी बाहेर बाकावर बसले होते. घराण्याची पहिली नात, आणि मला ती दिसली अर्ध्या तासानं, धुऊनपुसून, गुंडाळून, दुसऱ्याच्या हातातनं.

तेव्हापासून हे असंच. पोर माझ्या घरात झोपायची, माझ्या हातचं जेवायची, पण शाळा सुटली की पाय वळायचे ते तिकडं. येताना दोन घट्ट वेण्या घालून यायची, लाल रिबिनींच्या. मी त्या सोडायची आणि पुन्हा घालायची. "आक्काआजी, दुखतंय गं," म्हणायची. "कुमुदआजी घालते तेव्हा दुखत नाही."

तर त्या दिवशी, चहा पिता पिता, गिरूनं मान वर केली आणि जाहीर केलं, "मोठ्या आकाशपाळण्यात मी बाबांजवळ नाही बसणार. आईजवळपण नाही. मी आजीजवळ बसणार."

एका पाळण्यात दोघांचीच जागा असते, हे तिनंच आम्हाला सांगितलं होतं. पण कुठल्या आजीजवळ, ते तिनं सांगितलं नाही. हणमंतानं विचारलं नाही, रेवतीनं विचारलं नाही. मी आयुष्यात कुणाच्या बापाला भ्याले नाही, पण तो प्रश्न विचारायचं धाडस मलाही झालं नाही. मी सिस्टरांकडं बघितलं. त्या बशीतला चहा फुंकत होत्या, शांत, जणू उत्तर त्यांच्या पदरालाच बांधलेलं होतं.

मी उठले आणि खिळ्यावरचं कॅलेंडर काढलं.

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. पण आमचा धंदा मांडवाचा. नवरा गेला तेव्हा हणमंत कॉलेजात होता, नऊ वर्षं मी एकटीनं मांडव, खुर्च्या, कनाती सांभाळल्या. लग्नाच्या तिथी, बारशी, वास्तुशांती, उरूस, सत्यनारायण, कुठल्या दिवशी माणूस कुठं जमतं आणि कुठल्या दिवशी घरातनं हलत नाही, हे मला पुस्तकात बघावं लागत नव्हतं. तरी मी चष्मा लावला, बोट फिरवलं, आणि भादव्याच्या शेवटच्या चौकोनावर आणून ठेवलं.

"मंगळवार बिंगळवार काही नाही," मी म्हटलं. "पितृपंधरवडा चाललाय. लग्नं नाहीत, मुहूर्त नाहीत, लोकं मोकळी. मंगळवारी ढीग येतील. आपण गुरुवारी जायचं."

हणमंत वाकून बघायला लागला. "गुरुवारी? आई, गुरुवारी अमावस्या आहे. सर्वपित्री."

"म्हणूनच. त्या दिवशी घरोघरी पान असतं. वडे, खीर, आमटी सोडून कोण पाळण्यात बसायला येतंय? अख्खी मौजवाडी मोकळी मिळेल तुम्हाला."

"तू म्हणतेस हे? तू अमावस्येला मला साधी टाचणी विकत आणू देत नाहीस!"

"टाचणी वेगळी, पोरीची हौस वेगळी. आपलं पान पंचमीलाच झालंय. आपल्याला काय आडकाठी?"

रेवतीनं मोबाईल खाली ठेवला. "आत्या, पण त्या दिवशी आईला..."

आमच्याकडं सून सासूला आत्या म्हणते. ती आत्या म्हणाली की पुढं काहीतरी अवघड येणार, हे मला पाठ होतं.

"तुझ्या आईला काय? तुझी आई पळून चालली का कुठं? त्यांना पुढच्या खेपेला नेऊ."

रेवतीनं मोबाईल पुन्हा उचलला. सिस्टरांनी कप विसळून पालथा घातला. माझ्या घरात कप विसळायची त्यांना काही गरज नव्हती.

"आक्का बरोबर सांगतात," त्या म्हणाल्या. "गर्दी नसणार त्या दिवशी. जा तुम्ही सगळी. गिरू, परत आलीस की मला सगळं सांगायचं हं, एकूण एक."

गिरूचा ओठ बाहेर आला. पण मौजवाडी ती मौजवाडी. रुसवा दाराशीच विरघळला.

*

गुरुवारी आम्ही सकाळी साडेदहाला तिथं पोचलो. हमरस्त्याला लागून भलं मोठं फाटक, वर रंगीत मोर, आत पार डोंगरापर्यंत पसरलेले झुले, घसरगुंड्या, पाण्याचे हौद. आणि माणूस नाही. गाड्या लावायच्या जागेत आमची गाडी धरून चार. तिकीट घेताना पुढं कुणी नाही, मागं कुणी नाही.

"काय, बोलले होते का नव्हते?" मी हणमंताला म्हटलं.

"मानलं बुवा तुला."

"मानायला इतकी वर्षं लागली होय?"

गिरू तर वेडीच झाली. घोड्यांच्या चक्रावर एकटी सहा वेळा बसली. चालवणारा म्हणाला, उतरू नको बाळ, बस अजून. टकरा देणाऱ्या मोटारींत बापलेक दोघंच, टक्कर मारायला तिसरं कुणी नाही म्हणून एकमेकांनाच मारत होते. रेवतीसुद्धा हसत होती. मी झाडाखाली बाकावर बसले, पदर सावरून, एखाद्या मालकिणीसारखी. मनात म्हटलं, फोनवर चौकशी करून दिवस ठरत नसतो, सिस्टर. त्याला डोकं लागतं.

बारा वाजता आम्ही मोठ्या आकाशपाळण्यापाशी आलो. तो लांबून दिसतो त्यापेक्षा फार मोठा होता. वरचे पाळणे बघायला मान मोडायची वेळ. गिरूनं माझा हात धरला. माझा. तिचा तळवा घामानं ओला झाला होता.

"भीती वाटते?" मी विचारलं.

"थोडी. पण बसायचंय."

"मग बसू की. मी आहे."

पाळणेवाला स्टुलावर बसून शेंगा खात होता. पन्नाशीचा माणूस, डोक्याला टोपी. तो उठलाच नाही.

"किती माणसं?" त्यानं विचारलं.

"चार."

"बारा लागतात, मावशी."

"कशाला? आम्हाला काय बारसं करायचंय?"

"चाक मोठं आहे. चहूकडं सारखी माणसं बसवावी लागतात, नाहीतर एका अंगाला ओढतं. बारा झाल्याशिवाय फिरवायचं नाही, असा नियमच आहे. रोज काही अडत नाही. रोज इथं तास तास रांग असते." त्यानं रिकाम्या मैदानावरनं हात फिरवला. "आज कोण येणार? आज सर्वपित्री."

हणमंतानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं नाही.

गिरूचा चेहरा तेवढ्यात पडला. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, मी रागावले तरी असते.

"बारा ना?" मी पदर खोचला. "आणते बारा."

माणसं जमवणं हा माझा धंदा. मी त्या उन्हातनं चालत सुटले. पाण्याच्या हौदापाशी एक नवीन लग्न झालेलं जोडपं पाय बुडवून बसलं होतं. त्यांना म्हटलं, पाय काय घरी बादलीत बुडवता येतात, चला उठा. ती पोरगी लाजली आणि उठली. सहा झाले. मागच्या बाजूला कोरेगावची कॉलेजची तीन पोरं सापडली. त्यांना म्हटलं, आई-बापांना सांगून आलायत का पळून आलायत ते मी विचारत नाही, फक्त पाळण्यात बसा. नऊ. उपाहारगृहात एक टक्कल पडलेला माणूस आपल्या म्हाताऱ्या आईला इडली भरवत होता. म्हातारी माझ्यापेक्षाही तयार. "बसू की," म्हणाली. "आता नाही बसायचं तर कधी?" अकरा.

आणि तिथं संपलं. मी मौजवाडी पालथी घातली. माळी होते, झाडूवाल्या होत्या, इडलीवाला होता, पण कामावरच्या माणसांना पाळण्यात बसता येत नाही म्हणे, वर कॅमेरा आहे.

"तू बस की रे," मी पाळणेवाल्याला म्हटलं.

"मग चालवणार कोण? तुम्ही?"

"चालवीनसुद्धा. दहा हजार माणसांचे मांडव उभे केलेत मी."

"ते खरं, मावशी. पण एक माणूस कमी आहे. आणि कमी आहे ते कमीच आहे."

ती अकरा माणसं भली होती. म्हणाली, आम्ही इथंच आहोत संध्याकाळपर्यंत, बारावं कुणी आलं की हाक मारा. सगळी पांगली. रेवती गिरूला घेऊन सावलीत बसली, आणि तिनं आईला फोन लावला. मी पाठमोरी होते, पण माझे कान काही पाठमोरे नव्हते.

"हां, आई. पान वाढलंस का? ... नाही, अजून नाही बसली. एक माणूस कमी पडतंय ... नाही गं, रडत नाही. घे, तूच बोल तिच्याशी."

मग गिरूचा आवाज. "कुमुदआजी, अगं एकच कमी आहे. फक्त एक."

आता सांगते. आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सिस्टरांचे यजमान ट्रक चालवायचे. रेवती दहावीत असताना कांदा घेऊन दक्षिणेकडं गेले ते परत आले नाहीत. घाटात दरीत ट्रक सापडला तो नवव्या दिवशी. माणूस नक्की कुठल्या दिवशी गेला, हे डॉक्टरला सांगता आलं नाही, पोलिसांना आलं नाही. ज्याची तिथी कळत नाही त्याचं पान सर्वपित्रीला वाढतात. सिस्टर नोकरीत होत्या तेव्हाही वर्षातली ती एक रजा त्या कधी चुकवायच्या नाहीत. एकट्या सगळा स्वयंपाक करायच्या, गच्चीवर पान ठेवायच्या आणि कावळा शिवेपर्यंत उन्हात बसून राहायच्या. हे मला रेवतीनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं होतं.

मला ठाऊक होतं. कॅलेंडरवर बोट ठेवलं तेव्हा मला गर्दीचं काही पडलेलं नव्हतं. त्या जत्रेएवढ्या जागेत मला एकच माणूस नको होतं, आणि ते ज्या दिवशी येऊ शकणार नाही असा वर्षातला एकच दिवस मी निवडला होता.

आणि आता तेवढं एकच माणूस कमी पडत होतं.

*

दुपारी मी फाटकापाशी जाऊन उभी राहिले. जेवायलाही गेले नाही. हणमंत दोनदा बोलवायला आला, त्याला हाकलला. म्हटलं, येईल कुणीतरी. हमरस्त्यानं गाड्या सणासण जात होत्या, एक वळत नव्हती. सकाळी ज्या रिकाम्या जागेकडं बघून माझी छाती फुगली होती, तिच्याकडं बघून आता डोळ्यांची आग होत होती. एक मोटार हळू झाली. मी हातसुद्धा केला. चालवणाऱ्यानं आरशात बघून गुटखा थुंकला आणि गेला.

तिकिटाच्या खिडकीतला पोरगा म्हणाला, "आजी, ऊन लागेल. आत बसा."

"तुझी आई कुठं बाळंत झाली रे?" मी विचारलं.

"फलटणला. का?"

"काही नाही. कामाकडं बघ."

सव्वाचारला माणसं भरून नेणारी एक वडापची जीप थांबली. मागच्या बाजूनं एक बाई उतरली. मी पदर सारखा केला, तिला गाठायला चार पावलं पुढं झाले, काय बोलायचं ते जुळवत. अहो ताई, जरा पाच मिनिटांचं काम आहे. आणि पाऊल तिथंच थांबलं.

काटकुळी. हातात कापडी पिशवी. केस विस्कटलेले, कपाळावर घाम, साडीला हळदीचा डाग तसाच.

"बसली का गिरू?" सिस्टरांनी विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली.

"एसटी उशिरा आली," त्या म्हणाल्या. "मग फाट्यावर जीपच मिळेना. सहाला बंद होतं ना हे? चला लवकर."

"पान?" मी म्हटलं.

"वाढलं. गच्चीवर ठेवलं."

"शिवला?"

"थांबले नाही बघायला." त्यांनी पिशवी या हातातनं त्या हातात घेतली. "दरवर्षी थांबते. यंदा नाही थांबले. त्यांना काय, ते समजून घेतील. ते असते तर तेच ट्रक घेऊन आले असते तिच्यासाठी."

खिडकीतला पोरगा उठून उभा राहिला होता, "सिस्टर, तुम्ही!" करत. त्या त्याच्याशी बोलल्या, त्याच्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली. मी तिथंच उभी. त्या तिकीट घेऊन वळल्या तेव्हा मी म्हटलं,

"मला ठाऊक होतं. आज तुमच्याकडं काय असतं ते."

असं वाक्य मी जन्मात कधी बोलले नव्हते.

सिस्टरांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. तेच तर सहन होत नव्हतं.

"तुम्हाला ठाऊक होतं, हे मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

"मग बोलला का नाही? त्याच दिवशी सगळ्यांच्या देखत माझे वाभाडे काढायचे होते."

"काढून काय झालं असतं? पोरीची ट्रिप मोडली असती." दोन पावलं चालल्या, मग थांबल्या. "आणि आक्का, खरं सांगू? मी आले असते तरी पाळण्यात बसले नसते. मला स्टुलावर चढलं तरी गरगरतं. दवाखान्यात माळ्यावरची औषधं काढायला आयाला चढवायची मी. मी खाली उभी राहणार होते, तुमच्या सगळ्यांच्या पिशव्या धरून."

मौजवाडीतलं गाणं कुठंतरी वाजत होतं. मला ते ऐकू येत होतं आणि ऐकू येत नव्हतं. ज्या जागेसाठी मी एका मेलेल्या माणसाचा दिवस वापरला, ती जागा हिनं मागितलीच नव्हती.

"मग आता हो?" मी म्हटलं.

"आता काय. बारावं माणूस पाहिजे ना?" त्यांनी ओठ मिटले. "बसेन डोळे मिटून."

गिरूला त्या लांबूनच दिसल्या. ती धावत आली ती अशी, की मी मधे होते हे तिला दिसलंच नाही. माझ्या बाजूनं वारा गेल्यासारखी गेली आणि त्यांच्या कमरेला मिठी मारली. काळजात कळ आली. एवढं सगळं होऊन, एवढी शरम वाटून, तरी आली. खोटं कशाला सांगू.

हणमंतानं हाका मारून सगळ्यांना गोळा केलं. टक्कलवाला आणि त्याची आई आली, जोडपं आलं, ती तीन पोरं शिट्ट्या मारत आली. पाळणेवाल्यानं शेंगांची टरफलं झटकली.

"जमवलंत शेवटी, मावशी," तो मला म्हणाला.

"मी नाही जमवलं," मी म्हटलं.

तो एकेक पाळणा खाली आणून माणसं बसवायला लागला. जोडपं गेलं. हणमंत आणि रेवती गेली. मायलेक गेले. मग आम्ही तिघी उरलो, आणि मागं ती पोरं.

सिस्टरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी कठडा धरला होता, दोन्ही हातांनी. तीस वर्षं रक्तामांसात काम केलेली बाई, पण त्या चाकाकडं बघायला तयार नव्हती. गिरू एकदा त्यांच्याकडं बघत होती, एकदा माझ्याकडं. तो प्रश्न, जो मी विचारला नव्हता, तो आता आपल्या पायानं चालत आला होता.

"तुम्ही बसा तिच्याजवळ, आक्का," सिस्टर म्हणाल्या. आवाज कापत होता, पण खरं बोलत होत्या. "मी त्या पोराबरोबर बसते."

मला हो म्हणायचं होतं. देवाशपथ हो म्हणायचं होतं. दुपारी तिनं माझा हात धरला होता, तो ओला तळवा अजून मला जाणवत होता.

"आक्काआजी," गिरूनं विचारलं, "तुला भीती वाटते?"

आता, मला वाटत होती. वर बघितलं तेव्हापासून वाटत होती. जमिनीवर मी वाघीण, पण मांडवाच्या शिडीवर मी कधी चढले नाही. खाली उभी राहून गड्यांवर ओरडायची. पण हे आजवर कुणी विचारलं नव्हतं आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं. आणि शेजारी ही बाई कठडा धरून उभी असताना, मी पण तशीच आहे, असं म्हणायचं?

"मला कशाची गं भीती?" मी म्हटलं. "मी कुणाला भिते का?"

"मग मी कुमुदआजीजवळ बसते," गिरू म्हणाली. "तिला वाटते."

तिनं त्यांचा हात धरला आणि त्यांना घेऊन पाळण्याकडं निघाली, म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडून द्यावा तशी.

"मावशी, आधी तुम्ही बसा, यांच्या पुढच्या पाळण्यात," पाळणेवाला म्हणाला. "या पोरांतला एकजण देऊ का बरोबर?"

"काही नको. मी एकटी बसेन."

त्यानं मला बसवलं, लोखंडी दांडी पोटापाशी अडकवली आणि चाक हललं. पाळणा मागं झुलला, मग वर उचलला. झाडं खाली गेली. फाटक खाली गेलं. मी दांडी घट्ट धरली, डोळे गच्च मिटले. वारं कानात घुसत होतं. पाळणा कर्र कर्र वाजत होता, आणि माझ्या शेजारची जागा रिकामी होती. पाळणा झुकला की तिथं काहीच नसायचं टेकायला. मी म्हटलं, आता पडले. इथंच पडले. आणि पडताना हाक मारायची तर कुणाला मारायची.

वर पोचल्यावर चाक थांबलं. खाली कुणाला तरी बसवत असावेत. मधेच टांगल्यासारखी मी एकटी लटकत होते. तेवढ्यात मागच्या पाळण्यातनं गिरूचा आवाज आला. वाऱ्यावर तुटत तुटत, पण स्वच्छ.

"डोळे मिटू नको ना, आजी. मिटले की जास्त भीती वाटते. हळूच उघड. आधी एक उघड. काही होत नाही, मी आहे इथं."

ते मला सांगितलेलं नव्हतं.

मी एक डोळा उघडला. मग दुसरा.